तुमचे प्रश्न : एक मेल सर्व्हर, तीन डोमेन

प्रश्न (सातपूर) : आमच्या वर्कशॉपची मेल पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स उघडून देणारं सॉफ्टवेअर) यांवर चालते. त्याच सर्व्हरवर भावाच्या दोन कंपन्यांची डोमेन घेतली. एका नव्या डोमेनवर आलेली मेल '५५० यूझर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल' म्हणून परत जाते. मेलबॉक्स डेटाबेसमध्ये दिसतोय, मग अडतंय कुठे?

उत्तर : त्या ओळीतला 'लोकल' शब्द पाहा. ते डोमेन पोस्टफिक्सच्या 'मायडेस्टिनेशन' या यादीत शिरलेलं आहे. तिथलं डोमेन म्हणजे लिनक्सच्या खात्यांची मेल, असं पोस्टफिक्स धरून चालतो आणि तुमच्या मेलबॉक्सच्या टेबलाकडे बघतही नाही. तुम्ही ते हाताने लिहिलं नसेलही. मायडेस्टिनेशनमध्ये सर्व्हरचं होस्टनेम मुळातच धरलेलं असतं, त्यामुळे होस्टनेम म्हणून नुसतं डोमेन ठेवलं की ते गुपचूप आत येतं. होस्टनेम डोमेनच्या आधी 'मेल' जोडून ठेवा, मायडेस्टिनेशनमध्ये तेवढंच नाव आणि लोकलहोस्ट राहू द्या. तिन्ही डोमेन 'व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स'मध्ये, म्हणजे ज्यांचे मेलबॉक्स टेबलात शोधायचे त्या डोमेनच्या यादीत टाका. एक डोमेन दोन्हीकडे ठेवू नका. ठेवलंत तर लॉगमध्ये पोस्टफिक्स तसा इशारा देतो. मग पोस्टफिक्स रीलोड करा. टेबल हॅश फाइलचं असेल तर प्रत्येक बदलानंतर पोस्टमॅप (टेबल नव्याने बांधणारी कमांड) चालवावं लागतं, मायएसक्यूएल डेटाबेसचं असेल तर नाही. पोस्टमॅपला 'क्यू' पर्याय देऊन एक पत्ता विचारून पाहा. उत्तर रिकामं आलं तर चूक क्वेरीत आहे.

जाता जाता : 'कुठल्याही नावाने आलेली मेल एकाच खात्यात' असा कॅच-ऑल व्हर्च्युअल एलियसमध्ये (एका पत्त्याची मेल दुसरीकडे वळवणाऱ्या यादीत) टाकलात, तर खऱ्या मेलबॉक्सची मेलही तोच ओढून घेतो. प्रत्येक मेलबॉक्सचा स्वतःकडेच जाणारा एलियस सोबत द्यावा लागतो. आमच्या मते कॅच-ऑल टाळलेलाच बरा, स्पॅमला दार उघडं मिळतं.

प्रश्न (अंबड) : अकाउंट्स विभागाचे मेलबॉक्स फक्त ऑफिसच्या स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीवरूनच उघडावेत म्हणून डव्हकॉटमध्ये 'अलाउ नेट्स' (परवानगी असलेल्या आयपींची यादी) लावलं. आता ऑफिसातूनही राउंडक्यूबमध्ये (आमच्या वेबमेलमध्ये) लॉगिन होत नाही. १२७.०.०.१ यादीत घातल्यावर मात्र घरूनही उघडतं!

उत्तर : दोन्ही वेळा डव्हकॉट बरोबरच वागला. राउंडक्यूब त्याच मशीनवर असल्याने डव्हकॉटला लॉगिन करणारा माणूस दिसतच नाही, राउंडक्यूब दिसतो, आणि त्याचा पत्ता १२७.०.०.१, म्हणजे मशीनचा स्वतःचाच. तो यादीत घातलात म्हणजे वेबमेलवरून येणाऱ्या सगळ्यांनाच आत घेतलंत. ती नोंद काढा. डव्हकॉटच्या 'लॉगिन ट्रस्टेड नेटवर्क्स'मध्ये १२७.०.०.१ लिहा आणि मूळ आयपी आयमॅपच्या (मेलबॉक्स वाचायच्या पद्धतीच्या) आयडी कमांडमधून पुढे देणारं प्लगइन राउंडक्यूबला लावा. आता डव्हकॉट यादी त्या खऱ्या पत्त्याशी ताडेल. या ट्रस्टेड यादीत वेबमेलच्या मशीनशिवाय काहीही नको. तिथे असलेला कोणीही वाटेल तो आयपी सांगू शकतो.

तरीही अडलं तर तीन गोष्टी तपासा. राउंडक्यूबच्या पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर) प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ असेल तर राउंडक्यूबच्या पीएचपीला प्रॉक्सीचाच पत्ता मिळतो, खरा आयपी तिथेही पुढे द्यावा लागतो. वेबमेलच्या नावाला आयपीव्ही६ ची नोंद असेल तर ऑफिसचं ब्राउझर त्या मार्गाने येऊ शकतं आणि फक्त आयपीव्ही४ ची यादी त्याला अडवते. आणि ज्याच्यावर बंधन नको त्याच्या डेटाबेसमधल्या 'अलाउ नेट्स'च्या रकान्यात नल (किंमतच नाही) ठेवा. डव्हकॉटच्या 'डव्हेएडीएम ऑथ टेस्ट' या कमांडला रिमोट आयपी देऊन ऑफिसचा आणि बाहेरचा असे दोन्ही पत्ते तपासता येतात, कोणाला घरी पाठवून फोन करायची गरज नाही.

हे सगळं खऱ्या स्टॅटिक आयपीवरच टिकतं. साध्या ब्रॉडबँडवर लाइट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की आयपी बदलू शकतो; शिवाय एकच सार्वजनिक आयपी बऱ्याच ग्राहकांमध्ये वाटलेला असेल, तर शेजाऱ्यालाही परवानगी मिळते. तिथे व्हीपीएन घ्या. हाच बदलता आयपी पोस्टफिक्सच्या मायनेटवर्क्समध्ये कधीही घालू नका. उद्या तो ज्याच्याकडे जाईल तो तुमच्या सर्व्हरवरून बिनपासवर्ड मेल पाठवेल. बाहेर जाणारी मेल पोर्ट ५८७ वरून, पासवर्डनेच.

वेबमेलची सगळी साइटच बाहेरच्यांसाठी एनजिनएक्समध्ये बंद करणार असाल, तर आधी ऑफिसच्या आयपीचा 'अलाउ', शेवटी 'डिनाय ऑल'. पहिला जुळलेला नियमच लागू होतो. साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं असेल आणि त्यासाठी पोर्ट ८० वरून तपासणी होत असेल, तर चॅलेंजचा (त्या तपासणीच्या फाइलचा) फोल्डर सगळ्यांना उघडा ठेवा, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांनी सर्टिफिकेट नवं होणं थांबेल आणि नियमावर संशय येणारही नाही.

प्रश्न (ओझर) : तीन डोमेनसाठी तीन वेबमेल पत्ते आहेत. लोकांना पूर्ण ईमेल न टाइप करता नुसतं नाव टाकून लॉगिन करता येईल का?

उत्तर : येईल. राउंडक्यूबमध्ये 'इन्क्लूड होस्ट कॉन्फिग' चालू करा आणि कॉन्फिग फोल्डरमध्ये प्रत्येक वेबमेल पत्त्याच्या नावाची, शेवटी 'डॉट आयएनसी डॉट पीएचपी' असलेली फाइल ठेवा. त्यात 'यूझरनेम डोमेन'ला ते ते डोमेन द्या. 'यूझरनेम डोमेन फोर्स्ड'ही चालू केलंत, तर दुसऱ्या डोमेनचा पत्ता टाकला तरी तिथे हेच डोमेन लागतं. याला कुलूप मात्र समजू नका. पोर्ट ९९३ वरून आउटलुक किंवा फोन थेट डव्हकॉटकडे जातात, त्यांना या फाइल्सचा पत्ताही नसतो.