जेनेरिकमधला ‘र’

नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : औषधाच्या ‘जेनेरिक नेम’ला आणि ‘ब्रँड नेम’ला मराठीत काय म्हणायचं? फार्माकॉलॉजीच्या पेपरला दोन्ही लागतात आणि पाठ करूनही डोक्यात राहत नाहीत. शब्दाचा उगम कळला तर सोपं जाईल का?

जाईल. पण आधी एक सांगू दे. मेडिकलच्या काउंटरवर ‘जेनेटिक गोळ्या द्या’ हे इतक्यांदा कानावर पडतं की आता सहन होत नाही. जेनेटिक म्हणजे जनुकांशी संबंधित. तापाच्या गोळीचा त्याच्याशी काय संबंध? त्याहून राग येतो तो चांगल्या शिकलेल्या लोकांचा, जे ‘जेनेरिक’ हा शब्द सरळ ‘हलक्या प्रतीचं’ या अर्थाने वापरतात. हा शब्द नावाचा प्रकार सांगतो, औषधाची प्रत नव्हे. पॅरासिटामॉल या नावावर कोणाची मालकी नाही, क्रोसिन या नावावर आहे. क्रोसिनच्या पाकिटावरही पॅरासिटामॉल छापलेलं असतंच.

आता खरी गंमत. जेनेरिकच्या मुळाशी लॅटिनमधला ‘गेनुस’ आहे : कूळ, वर्ग, प्रकार. त्याची षष्ठी ‘गेनेरिस’. प्रथमेत ‘स’ आणि षष्ठीत ‘र’, असं कसं? लॅटिनमध्ये एका काळी दोन स्वरांच्या बेचक्यात सापडलेल्या ‘स’चा ‘र’ झाला. तो बदल पुसून टाकला की ‘गेनेसिस’ असं काहीसं जुनं रूप हाती येतं. शेजारी संस्कृत शब्द ठेवा : ‘जनस्’, नपुंसकलिंगी, अर्थ कूळ, वर्ग, षष्ठी ‘जनसः’. एकाच मूळ शब्दाची ही दोन लेकरं आहेत. संध्येतल्या सात व्याहृतींमध्ये ‘महः’च्या पाठोपाठ येणारा ‘जनः’ आठवा. जेनेरिकमधला ‘र’ हा त्या ‘जनस्’मधला ‘स’ आहे! ‘जनरल’मध्येही तोच ‘र’ बसला आहे.

म्हणून मला ‘जनऔषधी’ हे नाव विलक्षण आवडतं. केंद्र सरकारची ही योजना 2008 मध्ये सुरू झाली, जेनेरिक औषधं विकण्यासाठी. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात ‘जनतेचं औषध’ एवढंच असणार. पण ‘जन’ आणि ‘जेनेरिक’ यांचा धातू एकच, तेव्हा माझ्या मते ‘जेनेरिक’चा याहून नेमका अनुवाद कोणत्याही समितीला जमला नसता. फक्त संधी करून ‘जनौषधी’ लिहायला हवं होतं. महा आणि औषधी मिळून महौषधी होते, मग जन आणि औषधी यांच्यामध्ये फट कशाला?

‘प्रजातीय नाम’ सुचवणारे विद्वान आहेत. जीवशास्त्रात ‘जीनस’ला प्रजाती म्हणतात, तोच शब्द त्यांनी इकडे ओढला. बेडकाचा शब्द गोळीला लावून कोणाला काय कळणार? ‘मूळ नाव’ म्हणणारे तर उलटीच दिशा दाखवतात, कारण बाजारात प्रथम आलेलं मूळ उत्पादन बहुधा ब्रँडवालंच असतं. शाळेच्या व्याकरणात शब्द तयार आहे : सामान्यनाम. नदी हे सामान्यनाम, गोदावरी हे विशेषनाम. पॅरासिटामॉल तर पदार्थवाचक, अशी हरकत कोणी घेईल. पण शालेय व्याकरण सोनं, दूध यांनाही सामान्यनामातच बसवतं. आणि ब्रँडला ‘छाप’ म्हणा. इंग्रजी शब्दाचा संबंध जाळण्याशी, तापल्या लोखंडाने जनावराला दिलेल्या डागाशी आहे, आणि घोडा छाप, उंट छाप आपण पूर्वीपासून म्हणतोच.

राहिलं पाठांतर. सामान्यनामं जागतिक आरोग्य संघटना ठरवते. पहिली यादी 1953 ची. त्यात शेपटाला अर्थ असतो. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांचं ‘ओलॉल’ म्हणजे बीटा ब्लॉकर, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी करणारं औषध. एनालाप्रिल, रामिप्रिलचं ‘प्रिल’ म्हणजे एसीई इनहिबिटर, रक्तदाबावरच्या औषधांचाच आणखी एक गट. ‘सार्टान’, ‘प्राझोल’ यांचंही तसंच. छापनावाला असला नियम नसतो, ते वॉर्डातच अंगवळणी पडतं. शेपूट मात्र पुरतं धरा. एटोर्वास्टॅटिनमध्ये खरं शेपूट ‘वास्टॅटिन’ आहे. नुसतं ‘स्टॅटिन’ पाहून निस्टॅटिनला कोलेस्टेरॉलचं औषध समजलात तर चुकलात. ते बुरशीवरचं औषध आहे, आणि त्याचं नाव न्यूयॉर्क स्टेटवरून पडलं आहे.

लिग्नोकेन आणि झायलोकेन, बधिर करणाऱ्या एकाच औषधाची ही दोन नावं तर विसरताच येणार नाहीत. ‘लिग्नुम’ लॅटिनमध्ये लाकूड, ‘क्सिलोन’ ग्रीकमध्ये लाकूड. आपल्याकडचं सामान्यनाम (संघटनेच्या यादीत ते लिडोकेन आहे) आणि छापनाव एकच गोष्ट दोन भाषांत सांगतात. ‘केन’ हा कोकेनचा तुटलेला तुकडा : मुळात शब्द ‘कोका’ अधिक ‘ईन’ असा होता, लोकांनी तो भलत्याच ठिकाणी तोडला, आणि बधिर करणाऱ्या औषधांना शेपूट मिळालं.

अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्याच्या परीक्षेला बसायचं असेल तर आणखी एक. तिथे भर सामान्यनामांवर असतो, पण काही नावं वेगळी आहेत. पॅरासिटामॉल तिथे असेटामिनोफेन, साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. अ‍ॅड्रेनालिनला तिथे एपिनेफ्रिन म्हणतात, कारण ‘अ‍ॅड्रेनालिन’ ही तिकडे एका कंपनीची छाप होती. लॅटिन ‘अ‍ॅड’ म्हणजे जवळ, ‘रेनेस’ म्हणजे मूत्रपिंडं. ग्रीक ‘एपि’ म्हणजे वर, ‘नेफ्रॉस’ म्हणजे मूत्रपिंड. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली ग्रंथी डोळ्यांसमोर आणा, दोन्ही नावं तिच्यावरूनच आली आहेत.