शेतीत गेलेली दोन वर्षे मुलाखतीत कशी सांगावीत?

तुम्ही विचारले आहे की, कृषी पदवीनंतर दोन वर्षे दारव्ह्याजवळच्या गावी घरची शेती केली, आता अमरावतीला एका बियाणे कंपनीत क्षेत्र अधिकारी पदाच्या मुलाखतीचे बोलावणे आले आहे, पण इंग्रजी कच्चे आहे आणि मधल्या दोन वर्षांबद्दल विचारले तर काय सांगावे हे सुचत नाही. मी वर्धा जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करतो आणि अशाच पदांच्या मुलाखती घ्यायला बसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ती दोन वर्षे लपवू नका, आणि नोकरी मिळाली नाही म्हणून शेती केली, असे खाली मान घालून सांगूही नका. आजच वही घेऊन बसा आणि घरच्या शेताचा हिशेब लिहून काढा: कपाशी किती एकर, सोयाबीन आणि तूर किती, वाण कोणते, पेरणी कोणत्या तारखेची, एकरी उतारा किती क्विंटल, फवारणीचा खर्च किती आणि चुकले काय. शेवटचा रकाना टाळू नका, कारण स्वतःच्या शेतातली चूक ज्याला कारणासह सांगता येते, त्याच्यावर आमचा विश्वास लवकर बसतो.

गुलाबी बोंडअळीबद्दल तुम्हाला नक्की विचारतील. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) आणि सलग ३ रात्री प्रति सापळा ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिथे उपाय करावाच लागतो ती मर्यादा, तोंडपाठ हवीच. पण आम्ही एकदा टेबलावर हिरवी बोंडे ठेवली, तेव्हा हे आकडे घडाघडा सांगणाऱ्या मुलांनी ती वरून पाहून निरोगी ठरवली. एका मुलीने मात्र बोंड अंगठ्याच्या नखांनी उकलले, सरकीत शिरलेली अळी दाखवली आणि आम्हालाच विचारले, "या शेतात डोमकळ्या दिसल्या होत्या का?" (डोमकळी म्हणजे आत अळी असल्याने नीट न उमललेले, गुलाबाच्या कळीसारखे दिसणारे कपाशीचे फूल.) तिची निवड झाली.

दुसरी तयारी बोलण्याची करा. आमच्याकडे एक सदस्य संतापलेला शेतकरी होऊन वऱ्हाडीत विचारतो, "तुमचं सोयाबीन उगलंच नाही, आता मी काय करू?" अशा वेळी कंपनीची बाजू मांडू लागलेला उमेदवार तिथेच मागे पडतो. आधी ऐकून घ्यावे, मग पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला होता का, बी ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल गेले का, पिशवी, टॅग आणि पक्के बिल जपून ठेवले आहे का, हे विचारावे, आणि दोष बियाण्याचाच वाटत असेल तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडे अर्ज करता येतो हेही प्रामाणिकपणे सांगावे. समोरच्याने वऱ्हाडीत विचारले तर वऱ्हाडीतच उत्तर द्या, त्यात कमीपणा मुळीच नाही. इंग्रजीत दोन मिनिटांची ओळख तयार ठेवा आणि पुढे अडलात तर मराठीत सांगण्याची परवानगी मागा. क्षेत्र अधिकाऱ्याचे काम बांधावरचे असते, हे मुलाखत घेणाऱ्यांनाही ठाऊक असते.

अर्जात न केलेले काम लिहिले असेल तर आजच त्याचा विचार करा. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी माती परीक्षणाचा अनुभव आहे असे लिहिले होते, आणि नमुना कसा घेता एवढेच विचारल्यावर मला मातीच्या नमुन्यासाठी खणायचा व्ही आकाराचा खड्डासुद्धा नीट सांगता आला नाही. त्यानंतरचे सगळे प्रश्न त्यांनी केवळ उपचार म्हणून विचारले, हे मला खुर्चीत बसल्या बसल्या कळत होते.

कपडे स्वच्छ आणि इस्त्रीचे असले की झाले. सकाळच्या एसटीवर विसंबू नका, आदल्या संध्याकाळीच अमरावती गाठा. मूळ कागदपत्रांसोबत झेरॉक्सचे दोन संच ठेवा आणि मोटारसायकलचा परवाना तपासा. या कामात रोजचा प्रवास दुचाकीवरच असतो, त्यामुळे मुदत संपली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज मुलाखतीआधीच करून त्याची पावती सोबत न्या. शेवटी काही विचारायचे आहे का, असे म्हणाले तर कोणते तालुके मिळणार आणि मुक्काम कुठे ठेवावा लागणार, हे मोकळेपणाने विचारा.