पहिलं रॉकेट कागदाचंच कर

पाण्याचं रॉकेट पुढच्या वर्षी कर. आत्ता वर्गासाठी पायाने उडवायचं कागदी रॉकेट पुरे. कोल्ड्रिंकची 2 लिटरची रिकामी बाटली, तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, पुढे अर्धा इंची पीव्हीसी पाइप. बाटलीवर दाणकन पाय मारला की हवा पाइपातून सुटते आणि रॉकेट उडतं.

बहुतेकांचं गणित नळीत चुकतं. कागद थेट पाइपावर घट्ट गुंडाळला तर रॉकेट अडकतं. आधी पाइपावर एक कागद गुंडाळ, त्यावर रॉकेटची नळी कर, मग आतला कागद ओढून काढ. नेमकी हवी तेवढी फट मिळते. टोक मात्र टेपने पक्कं बंद हवं, कारण हवेचा सगळा जोर तिथेच बसतो. खालून फुंकर मारून टोकाशी गाल धर. गळती लगेच कळते.

रॉकेट हवेत कोलांट्या खातंय? मग रॉकेट बाजूने जसं दिसतं त्या आकाराचा पुठ्ठा काप आणि बोटावर तोल. तो जिथे तोलला जातो, साधारण तिथे हवेच्या दाबाचं केंद्र, म्हणजे बाजूने लागणाऱ्या हवेचा जोर जिथे एकवटतो ती जागा. खऱ्या रॉकेटचा तोलबिंदू त्याच्या पुढे, टोकाकडे, निदान नळीच्या जाडीइतका हवा. नसेल तर टोकात थोडी चिकणमाती भर किंवा खालचे पंख मोठे कर. (माझं पहिलं रॉकेट शेजारच्यांच्या वाळवणात पडलं होतं, म्हणून मैदानच गाठ.)

चेपलेली बाटली पाइपातून फुंकून फुगवताना जवळ कोणाला उभं करू नकोस. पोरं मुद्दाम पाय देतात.