पंख्याच्या पात्यावरचा फ्लॅप का अडकतो?

प्रश्न : डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी छताच्या पंख्याच्या पात्यांना टोकाकडे, मागच्या कडेला हलता फ्लॅप (बिजागरीवर वळणारी पट्टी) बसवला. तो हलवणारा नऊ ग्रॅमचा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) शेजारीच आहे. पंखा बंद असताना फ्लॅप छान हलतो, पूर्ण वेगात अडकतो. सर्व्हो बदलू का?
— विद्यार्थी, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : बदलू नका, जागा बदला. मिनिटाला 300 फेरे धरले तर केंद्रापासून 50 सेंटिमीटरवर वजन पन्नासपट होतं. नऊ ग्रॅमचा सर्व्हो साडेचारशे ग्रॅमचा होतो आणि फ्लॅपही तितक्याच पटीनं बाहेर ओढला जाऊन बिजागरीच्या टोकावर घासतो. सर्व्हो 10 सेंटिमीटरवर आणा, तिथं दहापटच भार येतो. तिथून पात्यालगत 3 मिलिमीटरची पोलादी सळई न्या आणि ती फिरवून फ्लॅप वळवा. 2 मिलिमीटरची सळई स्वतःच पिळते, फ्लॅप मागे राहतो. सळईच्या आतल्या टोकाला कॉलर (घट्ट बसवलेलं कडं) आणि थ्रस्ट बेअरिंग (लांबीच्या दिशेची ओढ सोसणारं बेअरिंग) द्या, म्हणजे सळई आणि फ्लॅप तिथंच टांगून राहतील. बाहेरच्या बुशनी (सळई ज्यात फिरते त्या छोट्या नळ्यांनी) फक्त आधार द्यायचा. फ्लॅपचा तोल बिजागरीच्या मागे गेला तर तो फडफडतो, म्हणून पुढे थोडं शिसं लावा. तिन्ही पात्यांचं वजन काट्यावर सारखं करा. बॅटरी आणि रिसीव्हर मधल्या डब्यावर ठेवा. चाचणी जाळीच्या पिंजऱ्यातच घ्या, पात्यांच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

पात्यांवर फ्लॅप बसवलेल्या खऱ्या हेलिकॉप्टरचं दुखणं हेच, फक्त पंधरापट मोठं. जर्मनीत 2005 मध्ये बीके 117 हे हेलिकॉप्टर असे फ्लॅप घेऊन उडालं. त्याचा 11 मीटर व्यासाचा रोटर (वरची फिरती पाती) मिनिटाला 380 च्या आसपास फिरला, की साडेचार मीटरवर सातशेपटीहून जास्त भार येतो. तिथं मोटर आणि गिअर टिकवणं अवघड, म्हणून पिझो (वीज दिली की किंचित लांबणारा पदार्थ) वापरतात. पिझोच्या चकत्यांची 100 मिलिमीटरची चळत जेमतेम 0.1 मिलिमीटर लांबते. ती हालचाल तरफेच्या चौकटीनं वाढवतात. पिझो दाब सोसतो पण ताणानं तडकतो, त्यामुळे आधीच दाबून बसवावा लागतो.

प्रश्न : हेलिकॉप्टरच्या पात्यांवरच्या अशा फ्लॅपनं इंधन वाचतं का?
— वाचक, निपाणी

उत्तर : थोडंफार वाचेल, पण खरा फायदा हादरे आणि आवाज कमी होण्यात आहे. चार पात्यांच्या रोटरचे हादरे केबिनला मुख्यतः दर फेऱ्याला चार वेळा बसतात, बीके 117 मध्ये सेकंदाला सुमारे 25. ते मारायला फ्लॅप एका फेऱ्यात तीन, चार आणि पाच वेळा हलवतात. वेळ चुकली तर हादरे उलट वाढतात.