पावतीवरचा रिकामा रकाना

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. यंदा चार महिने टेक्सासला मुलीकडे होतो. पहिल्याच आठवड्यात तिने आम्हा दोघांना बाहेर जेवायला नेलं. बिल ८४ डॉलर झालं आणि तिने वर १७ डॉलर टिप लिहिली. मला ते अजिबात पटलं नाही. पुढच्या वेळी हट्टाने बिल मी घेतलं, ६२ डॉलरचं, आणि टिपच्या रकान्यात शून्य लिहिलं. मुलीच्या ते लक्षात आलं तेव्हा आम्ही दारापर्यंत पोचलो होतो. ती तशीच मागे फिरली आणि वेट्रेसच्या हातात १२ डॉलर देऊन आली. घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. माझं काय चुकलं? पगार देणं मालकाचं काम, ते गिऱ्हाइकाने का करायचं? कष्ट करणाऱ्याच्या हातावर असे वरचे पैसे ठेवणं हा त्याचा अपमान नाही का? आणि ते त्यालाच मिळतात कशावरून?

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्या रकान्याच्या दुसऱ्या बाजूला मी उभी राहिलेली आहे. २००४ ते २००६ अशी दोन वर्षं मी टेक्सासमध्येच, ह्यूस्टनच्या एका रेस्टॉरंटमध्ये वेट्रेस होते. ग्रीन कार्ड हातात आल्यावर मिळालेलं ते माझं पहिलं काम. माझा ताशी पगार होता २ डॉलर १३ सेंट.

छापताना आकडा चुकलेला नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा किमान दर तेवढाच आहे, आणि १९९१ पासून त्यात एका सेंटचीही वाढ झालेली नाही. बाकीच्या कामगारांचं केंद्रीय किमान वेतन तेव्हा ५ डॉलर १५ सेंट होतं, २००९ पासून ते ७ डॉलर २५ सेंट आहे. मधली तफावत टिपांनी भरून निघेल असं कायदाच गृहीत धरतो. आठवड्याच्या हिशेबात ती भरली नाही, तर मालकाने भरायची असते. टेक्सास हाच केंद्रीय दर वापरतं. म्हणजे तुम्ही ज्याला वरचे पैसे म्हणता, तोच तिथे त्या वेट्रेसचा पगार असतो. मेन्यूतल्या किमतीत तो धरलेला नसतो, म्हणून तो वेगळा लिहावा लागतो.

माझ्या पहिल्या पंधरवड्याचा चेक मला अजून दिसतो. पाकीट फोडलं, तर रकमेच्या जागी चार डॉलर आणि काही सेंट. मला वाटलं, काहीतरी गोंधळ झालाय. शेजारी उभ्या असलेल्या जुन्या वेट्रेसने मला समजावलं, की टिपांवरही कर लागतो आणि तो कापायला मालकाच्या हातात आपला हा २ डॉलर १३ सेंटचा पगारच असतो, त्यामुळे तो बहुतेक सगळा त्यातच जातो. घरभाडं, किराणा, मुलाचं पाळणाघर, हे सगळं मी रोज रात्री एप्रनच्या खिशातून निघणाऱ्या नोटांवर चालवलं.

आता एका टेबलाचा हिशेब सांगते. तो मी कोणाला फारसा सांगितलेला नाही. शनिवारची रात्र होती. पाच जणांचं कुटुंब आलं आणि तीन तास बसलं. बिल २१० डॉलर. आमच्याकडे आठ माणसांच्या वर टिप आपोआप बिलात लागायची, पाच जणांना नाही. शिफ्ट संपली की प्रत्येक वेट्रेसने आपल्या एकूण विक्रीच्या ३ टक्के रक्कम टेबलं आवरणाऱ्या मुलांना आणि बारटेंडरला द्यायची, असा आमच्याकडचा नियम. याला टिप-आउट म्हणतात. तो विक्रीवर मोजतात, मिळालेल्या टिपेवर नाही. मी त्या काळ्या फोल्डरमधली पावती उघडली तर टिपच्या रकान्यावर आडवी रेघ मारलेली. २१० डॉलरचे ३ टक्के म्हणजे ६ डॉलर ३० सेंट मी माझ्या खिशातून दिले. तीन तासांचा माझा पगार ६ डॉलर ३९ सेंट. त्या टेबलाने मला ९ सेंट दिले. इतर टेबलांनी हात दिला, म्हणून आठवड्याच्या बेरजेत हे कुठे दिसलंही नाही.

ते कुटुंब मराठी होतं. "पगार मिळतो की यांना," असं त्यातले आजोबा म्हणाले, ते मी पाण्याचा जग घेऊन मागे उभी असताना ऐकलं. मी मराठीत काही बोलले नाही. का बोलले नाही, ते आजही मला नीट सांगता येत नाही. पण त्या आजोबांचा मला राग आला नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

तुमचं तत्त्व मला मान्य आहे. पगार मालकानेच द्यावा. फ्रान्समध्ये तसंच आहे : मेन्यूवरच्या किमतीत सेवेचं मोल धरलेलं असावं असा तिथे नियम आहे, 'सेर्व्हिस काँप्री' म्हणतात ते हेच. तिथला वेटर महिन्याचा पगार घेतो आणि तुम्ही टेबलावर दोन युरो ठेवलेत तर तो खुशीचा मामला. टिपला तिथे 'पूरब्वार' म्हणतात, म्हणजे पिण्यासाठी. जर्मन 'ट्रिंकगेल्ट'चाही अर्थ तोच. अमेरिकेतसुद्धा कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, माँटाना आणि अलास्का या सात राज्यांत वेटरला इतरांइतकंच किमान वेतन द्यावं लागतं. टेक्सास त्यांत नाही. तुम्ही शून्य लिहिलंत तेव्हा मालकाचा एक सेंटही कमी झाला नाही. जे कमी झालं ते त्या वेट्रेसचं.

अपमानाच्या प्रश्नावर मला जरा थांबावंसं वाटतं, कारण तो फार खरा आहे. अमेरिकनांनाही तो एकेकाळी पडला होता. टिप देणं घेणं हे सरंजामी खूळ आहे, लोकशाहीत शोभत नाही, असं म्हणत १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपेवर बंदीचा कायदाच केला. आणखी काही राज्यांनीही केला. १९२६ पर्यंत ते सगळे कायदे रद्द झाले. त्याच्याही मागे एक गोष्ट आहे. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनडब्यांत पोर्टर म्हणून गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांना घेतलं. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या टिपांवर भागवा. त्या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावला. तेव्हा अपमान आहेच, पण तो टिप घेण्यात नाही. पूर्ण पगार द्यायचं टाळून माणसाला अनोळखी लोकांच्या मर्जीवर सोडण्यात आहे. टिप न देता आपण तो दूर करत नाही, त्यात भर घालतो.

ते पैसे वेट्रेसलाच मिळतात का? अमेरिकेत मालक आणि मॅनेजर यांनी टिपेतला वाटा घ्यायचा नाही, असं २०१८ च्या कायदादुरुस्तीने स्पष्ट झालं आहे. ब्रिटनमध्येही १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपेची सगळी रक्कम कामगारांनाच द्यावी लागते.

पुन्हा जाल तेव्हा एवढं बघा : टेबलावर येऊन कोणी वाढत असेल तर कर धरण्याआधीच्या बिलावर १८ ते २० टक्के. बिलात 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टिपच, आधीच लावली असेल तर पुन्हा देऊ नका. काउंटरवर उभं राहून कॉफी घेताना स्क्रीन टिप मागते, तिथे मनाला येईल तसं करा. आणि मुलीला फोन करा. ती परत फिरली ती तुम्हाला कमीपणा आणायला नाही. ती तिथे राहते, तिला तो २ डॉलर १३ सेंटचा आकडा माहीत आहे.

प्रश्न : क्योतोमध्ये एका छोट्या खानावळीत जेवण फार आवडलं म्हणून ५०० येनचं नाणं टेबलावर ठेवून निघालो. वेटर सिग्नल ओलांडून मागे धावत आला आणि वाकून नाणं परत दिलं. आम्हाला फार ओशाळल्यासारखं झालं. आमचे पैसे त्याला कमी वाटले का?

उत्तर : अजिबात नाही. तुम्ही नाणं विसरलात असंच त्याला वाटलं. जपानमध्ये चांगलं वाढणं हे जेवणाच्या किमतीतच आलेलं असतं, त्याचे वेगळे पैसे कोणी मोजत नाही. इझाकायात, म्हणजे तिथल्या मद्यालयवजा खानावळीत, बसल्या बसल्या, न मागता एक छोटी वाटी येते आणि बिलात तिचे पैसे लागतात. त्या वाटीला 'ओतोशी' म्हणतात. आपल्याला फसवलं असं वाटून पर्यटक वाद घालतात, पण ते तिथे बसण्याच्या जागेचं शुल्क आहे, ते मुकाट्याने द्यावं. रयोकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी अतिथिगृहात, मात्र खोली सांभाळणाऱ्या बाईंना काही पाहुणे पैसे देतात, 'कोकोरोझुके' म्हणून. ते पाकिटात घालून, बहुधा आल्या आल्या, दोन्ही हातांनी देतात. सुटी नोट पुढे करणं तिथे उघडंवाघडं वाटतं.

खानावळीतून निघताना 'गोचिसोसामा देश्ता' म्हणा. छान जेवलो, कष्ट घेतलेत, असा त्याचा भाव आहे. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणा, आतून उत्तर येतं.