घोडबंदर रोडच्या टॉवरचं मॉडेल हातात आलंय, दरवाजे-भिंतींचे टाइप कसे ठरवायचे?

तुम्ही लिहिलंय की टॉयलेटच्या दरवाजाची रुंदी 700 वरून 750 मिमी करायची आहे, पण मजल्यामजल्यावर जाऊन एकेक दरवाजा निवडावा लागतोय. टाइप (एकसारख्या सगळ्या नगांचा सामाईक नमुना) कसे बनवायचे, आणि इमारतीचं मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी रेव्हिटमध्ये की बॉन्सायमध्ये, हा तुमचा प्रश्न. सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी टाइपवर काय ठेवायचं आणि सुट्या नगावर काय, हे कागदावर ठरवा.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बीआयएम (इमारतीचं माहितीसकट डिजिटल मॉडेल) कोऑर्डिनेशनचं काम करतो. माझी कसोटी साधी आहे: ऑर्डरच्या कागदावर जे एका ओळीत येतं, तो एक टाइप. ‘फ्लश डोअर, 35 मिमी, 750 बाय 2100, ग्रॅनाइटची चौकट, अमुक नग’ ही झाली एक ओळ. दरवाजाचा नंबर, मजला, तो कुठल्या भिंतीत बसलाय, हे सगळं त्या-त्या नगाचं. तुमच्या रेव्हिट मॉडेलमध्ये बहुतेक रुंदीच इन्स्टन्स पॅरामीटर, म्हणजे प्रत्येक नगावर वेगळी भरायची माहिती, करून ठेवली आहे. फॅमिली (दरवाजाचा मूळ साचा) बनवणाऱ्याला तेव्हा ते सोयीचं वाटलं असेल, निस्तरताय तुम्ही. फॅमिली उघडा, रुंदी टाइप पॅरामीटर करा आणि फॅमिली पुन्हा लोड करा. शेड्यूल (नगांचा तक्ता) आणि टॅग (ड्रॉइंगवरची खूणचिठ्ठी) दोन्हीकडे दिसायला हवी ती माहिती शेअर्ड पॅरामीटरमध्येच घ्या, साध्या फॅमिली पॅरामीटरमध्ये नको.

आयएफसीमध्येही (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल नेता येणारं खुलं फॉरमॅट) तत्त्व हेच, फक्त टाइप तीन तऱ्हांनी चालतो. दरवाजा, कमोड, बेसिन यांचा आकार ठरलेला असतो, त्यामुळे भूमिती टाइपवर एकदाच लिहिली जाते आणि प्रत्येक नग तिच्याकडे बोट दाखवतो. फाइल हलकी राहते ती यामुळे. भिंतीची लांबी मात्र जागोजागी वेगळी, म्हणून तिच्या टाइपमध्ये आकार नसतो, थर असतात: 150 मिमी एएसी (हलक्या काँक्रीटचा) ब्लॉक, आत 12 आणि बाहेर 20 मिमी प्लास्टर. कॉलम-बीमच्या टाइपमध्ये छेदाचा आकार असतो, लांबी नगाची. बॉन्सायमध्ये भिंतीचा टाइप दरवाजासारखा तयार आकार (मेश) देऊन बनवू नका. मग ती भिंत ओढून लांब करता येत नाही.

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी. एका मजल्यावर चार फ्लॅट, त्यातले दोन आरशातले. रेव्हिटमध्ये फ्लॅट मिरर केला की डावा दरवाजा उजवा होतो, पण टाइप तोच राहतो. शेड्यूलमध्ये सगळे ‘डी-2’ म्हणूनच मोजले जातात आणि डावे किती, उजवे किती ते कळत नाही. फ्लश डोअरला फरक पडत नाही, सुतार साइटवर बिजागऱ्या हव्या त्या बाजूला मारतो. जिन्याचा फायर डोअर मात्र कारखान्यातूनच बिजागऱ्या आणि लॉकची बाजू ठरवून येतो. त्यामुळे फायर डोअरला डावा-उजवा असे दोन टाइप करा, बाकीच्यांना निदान रेव्हिटमध्ये तरी उगाच फोडू नका. आयएफसी 4 मध्ये दरवाजाला टाइप लावला असेल तर उघडण्याची बाजू टाइपवरूनच घेतली जाते, तिथे बाजू नोंदवायची तर टाइप वेगळा करावा लागतो. कन्सल्टंटने आयएफसीची जुनी 2 बाय 3 (2x3) आवृत्ती मागितली तर त्यात डोअर-टाइपऐवजी डोअर-स्टाइल दिसेल. घाबरू नका, टाइप म्हणजे तिथे तेच.

अजून एक खाच. आयएफसीमध्ये तोच गुणधर्म टाइपवरही असू शकतो आणि नगावरही, आणि दोन्हीकडे असेल तर नगाचा चालतो. समजा टाइपवर फायर रेटिंग 120 मिनिटं केलंत, पण सातव्या मजल्यावरच्या दरवाजावर कुणीतरी आधी 60 लिहून ठेवलंय. तो दरवाजा 60 च दाखवणार, आणि टाइप बघून तुम्हाला वाटणार की काम झालं. म्हणून टाइपवर किंमत भरली की नगांवरची तीच नोंद काढून टाका.

रेव्हिट की बॉन्साय? क्लायंट रेव्हिटची फाइल मागत असेल तर चर्चाच नको. नसेल तर बॉन्साय फुकट आहे (2024 पर्यंत त्याचं नाव ब्लेंडरबीआयएम होतं, जुने व्हिडिओ त्या नावाने शोधा) आणि थेट आयएफसीवरच काम करतं. टाइपांची वेगळी लायब्ररी फाइल ठेवून पुढच्या प्रोजेक्टमध्ये ते ओढून घेता येतात.

फाइलची प्रत काढून मगच हात घाला. बॉन्सायमध्ये आकार असलेला टाइप लावला की नगाचा जुना आकार जातो. आधी एकाच टिपिकल मजल्यावर बदल करा, शेड्यूल काढा, आर्किटेक्टच्या दरवाजांच्या तक्त्याशी नगांचा ताळा जमतोय का बघा, मग वरचे मजले घ्या.