चेंडूविना धावणारा ल्युंगबर्ग

प्रश्न : २०१४ साली इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्याच मोसमात मुंबई सिटी एफसीने स्वीडनच्या फ्रेडी ल्युंगबर्गला मोठा गाजावाजा करून आणले, पण तो जेमतेम चार सामने खेळला आणि त्याच्या नावावर एकही गोल लागला नाही. तरीही त्याची गणना थोर मध्यरक्षकांमध्ये का होते?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : मुंबईत आला तेव्हा ल्युंगबर्ग ३७ वर्षांचा होता आणि दोन वर्षांपूर्वीच त्याने निवृत्ती पत्करली होती. त्या चार सामन्यांवरून त्याचे मोल ठरवणे अन्यायाचे होईल, कारण त्याचा खरा खेळ वेगावर उभा होता.

हाल्मस्टाड क्लबमध्ये तो घडला आणि १९९७ मध्ये त्या संघासह त्याने स्वीडनची लीग जिंकली. सप्टेंबर १९९८ मध्ये तो लंडनच्या आर्सेनल संघात दाखल झाला आणि पहिल्याच सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध गोल केला. मात्र त्याचे वेगळेपण उमगायला २००१-०२ चा मोसम पाहावा लागतो. पायात चेंडू नसताना, प्रतिस्पर्धी बचावपटूंचे लक्ष चेंडूवर खिळलेले असताना, त्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत नेमक्या क्षणी घुसणे ही त्याची खासियत होती. डिसेंबर २००१ मध्ये इटलीच्या युव्हेंटस संघाविरुद्ध आर्सेनलमधील त्याचा सहकारी डेनिस बर्गकाम्पने बचावपटूंना गिरक्या घेत झुलवत ठेवले, तेवढ्या वेळात ल्युंगबर्ग धावत आत शिरला आणि मिळालेला चेंडू त्याने गोलरक्षक बुफॉनच्या वरून अलगद जाळ्यात धाडला. पास बर्गकाम्पचा अप्रतिम होता यात शंका नाही, परंतु त्या पासला अर्थ आला तो या धावेमुळे, असे माझे ठाम मत आहे.

त्याच मोसमात कार्डिफला झालेल्या एफए कप या इंग्लंडमधील बाद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चेल्सीच्या जॉन टेरीला अंगाने दूर ठेवत त्याने वळवून मारलेला गोल तर अविस्मरणीय आहे. आर्सेनलने लीग आणि कप दोन्ही जिंकले आणि प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगचा, मोसमातील सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. २००३-०४ मध्ये ३८ पैकी एकही लीग सामना न हरलेल्या संघातही तो होता. स्वीडनसाठी त्याने ७५ सामन्यांत १४ गोल केले. त्यांतला २००६ च्या विश्वचषकातील गोल, बर्लिनमध्ये पॅराग्वेविरुद्ध ८९ व्या मिनिटाला हेडरने केलेला, स्वीडनला १-० असा विजय देऊन गेला.

पुढे वेस्ट हॅम, सिएटल, शिकागो, सेल्टिक आणि जपानचा शिमिझू असा प्रवास झाला. खुब्याच्या दुखण्यावर शस्त्रक्रियाही करावी लागली. युव्हेंटसविरुद्धच्या सामन्याची चित्रफीत मिळाली, तर बर्गकाम्पकडे चेंडू येताच नजर त्याच्यावरून काढून ल्युंगबर्गवर ठेवावी.